मदत हवी आहे: मे महिन्यातल्या उन्हात व्रणावर सिलिकॉन टिकवायचं कसं?

मंडळी, रावेरकडे केळीच्या बागेत राबणाऱ्या धाकट्या भावाच्या मनगटावर विळ्याच्या जखमेचा व्रण आहे. टाके निघाले, खपली पडली, जखम पूर्ण बंद. म्हणजे सिलिकॉन (व्रण मऊ, सपाट व्हावा म्हणून लावायची पट्टी किंवा जेल) सुरू करायला हरकत नाही. अडचण घामाची. पट्टी रोज किमान 12 तास, दोन-तीन महिने राहायला हवी, पण या उन्हात कडा लगेच सुटतात, खाली घामोळं येतं. म्हणून दिवसा जेल आणि रात्री हात धुऊन, कोरडा करून पट्टी, असं ठरवलंय. जेलचा थर पातळच हवा, 4-5 मिनिटं सुकला की वर सनस्क्रीन. जाड थर सुकत नाही, सनस्क्रीनसकट पुसला जातो.

सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा जास्त, दर दोन तासांनी. सावळ्या कातडीवरचा नवा व्रण उन्हानं काळा पडतो नि महिनोन् महिने तसाच राहतो. आयर्न ऑक्साइडवालं रंगीत सनस्क्रीन दृश्य प्रकाशही अडवतं, ते बरं. तरी खरा भरवसा बाहीचाच.

घट्ट विणीची, पण हात उकडू न देणारी बाही जळगाव-भुसावळच्या बाजारात कुठल्या कापडाची मिळते? केळीचा चीक आत झिरपू नये म्हणून काय करता? कृपया लिंबू सुचवू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते.