अनुभव: शाळेतले फौजी, ध्वजदिन आणि आपली चित्रकला

रानजाई
लेकाच्या शाळेत 'वीरगाथा'चं काम आलंय. शौर्यपदक मिळालेल्या जवानावर चित्र, कविता नाहीतर निबंध. ह्याने रामा राघोबा राणे निवडले, कारण माझं माहेर कारवारकडचं आणि राणे तिथल्याच चेंडियाचे. एप्रिल १९४८, नौशेरा-राजौरी रस्ता, सगळीकडे सुरुंग पेरलेले. राणे रणगाड्याखाली त्याच्याबरोबर रांगत गेले, सुरुंग दिसला की दोरी ओढून चालकाला थांबवायचे, तो काढायचा, पुन्हा पुढे. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालं त्यांना. लेकाने तेवढंच काढलं: रणगाड्याची खालची बाजू, दोन कोपरं, एक दोरी. बाई म्हणाल्या, "छान आहे, पण स्फोट दाखव ना थोडा!" अहो, स्फोट होऊ नये म्हणूनच तर तो माणूस खाली शिरला होता.

ह्यावरून आमच्या शाळेतला ७ डिसेंबर, म्हणजे सैनिकांसाठी निधी जमवायचा ध्वजदिन, आठवला. लाल, गडद निळा, फिकट निळा असे कागदी झेंडे, टाचण्यांची डबी आणि पैशांचा सीलबंद डबा घेऊन गल्लीभर हिंडायचो. कोपऱ्यावरच्या निवृत्त सुभेदार आजोबांनी पैसे टाकले आणि पावती मागितली. पावतीपुस्तक आमच्याकडे नव्हतंच. मग अर्धा तास हिशेब कसा ठेवायचा ह्यावर आमची शाळा!

तुमच्या शाळेत काय काय व्हायचं? लिहा.

खारीबटर
पावती :) फौजी तो फौजी.

डोंगरवाट
आम्ही साताऱ्याचे, आमच्याकडे वेगळा ध्वजदिन कशाला, वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील मिलिटरीत. अपशिंगे तर नावातच मिलिटरी लावतं. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले, त्यांचा स्मृतिस्तंभ आहे गावात. सहावीत सहल म्हणून तिथंच नेलं होतं, आम्हाला हवं होतं महाबळेश्वर. सरांनी स्तंभावर कागद धरून पेन्सिलीने घासायला लावलं, अक्षरं उमटतात तशी. माझ्या कागदावर नुसता काळा धब्बा. शेजारचीचं नीट उमटलं, ती अजून भाव खाते.

निवांत_काका
मी पलीकडच्या बाजूने बोलतो, म्हणजे मला शाळेत पाहुणा म्हणून बोलावतात. मराठा लाइट इन्फंट्री, निवृत्त. दर २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, एक तरी पोरगं विचारतं, "तुम्ही किती मारले?" बाई लाल होतात. मी सांगतो, बर्फात स्टोव्ह पेटत नव्हता त्या रात्रीची गोष्ट. डाळ शिजेना, आचारी रडकुंडीला, आम्ही बिस्किटं चोखत बसलेलो. मग पोरं डाळीचेच प्रश्न विचारतात. परवा एकाने मला चित्र दिलं, त्यात मी आणि कुकर. घरी कपाटाला चिकटवलंय. बायको म्हणते, आयुष्यात कधी कुकर लावला नाहीत आणि चित्र बघा!

रानजाई, लेकाला सांगा दोरी ठेव. स्फोट नको.

सोनटक्का
काका __/\__
कुकरवाल्या चित्राचा फोटो टाका ना.

चहा_घेणार_का
घाईत लिहितेय, कणीक मळायचीय. कारगिलच्या वेळी आम्ही चौथीत. सगळ्या वर्गाने जवानांना राख्या आणि पत्रं पाठवली. बाईंनी फळ्यावर मजकूर लिहून दिला, 'आपण आहात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत' वगैरे. सगळ्यांची पत्रं सारखीच. मी खाली जागा उरली म्हणून लिहिलं, 'आमच्या मांजरीला पिल्लं झाली'. उत्तर फक्त मला आलं! 'पिल्लांची नावं कळवा.' ते आंतरदेशीय पत्र आईने जपून ठेवलंय.

खारीबटर
काय नावं ठेवली होती??

चहा_घेणार_का
टायगर आणि हिल :D

ब्रायटनवाली
इथे इंग्लंडात नोव्हेंबरात, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी, शाळेत कागदी प्लेट रंगवून पॉपीची फुलं करतात. लेकीने विचारलं, ह्या सैनिकांत आपले कोणी होते का? गावाबाहेरच्या टेकडीवर छत्री, म्हणजे हिंदी सैनिकांचं स्मारक, दाखवायला नेलं. पहिल्या महायुद्धात इथल्या राजवाड्यात हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं, त्यात वारलेल्या हिंदू आणि शीख जवानांचं दहन त्या जागी झालं. वारा इतका की फुलं हातात राहीनात. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात पॉपीशेजारी झेंडू काढला. तिच्या बाईंनी तो सरळ भिंतीवर लावला, एक शब्द न बोलता. स्फोट दाखव म्हणाल्या नाहीत!

कोलाडकर
यशवंत घाडगे कुणी काढत नाही का? व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), १९४४, इटली. आमच्या माणगाव तालुक्यातले, पळसगावचे. माणगावात पुतळा आहे. आमच्या वेळी पुतळ्याचं चित्र काढायला न्यायचे, सगळ्यांच्या चित्रात पुतळ्यापेक्षा शेजारची वडापावची गाडी मोठी.

डोंगरवाट
@कोलाडकर वडापाव अजून मिळतो का तिथे? शनिवारी जातोय त्या बाजूला.

सोनटक्का
भाचा वेशभूषा स्पर्धेत मुरलीकांत पेटकर झाला होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मग १९७२ ला हायडलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. हा डिसेंबरात चड्डी-गॉगलवर स्टेजवर. परीक्षकांनी विचारलं, तू कोण? म्हणे, "मला थंडी वाजतेय."

निवांत_काका
हाहा. बक्षीस मिळालं का?

सोनटक्का
उत्तेजनार्थ. आणि सर्दी.

रानजाई
सगळ्यांचे आभार, भराभर वाचतेय. चित्र उद्या द्यायचंय आणि आत्ता, रात्री साडेनऊला, कळतंय की घरात काळा रंग संपलाय. कोणाला माहितेय का, कारवारी काजळाने रणगाडा रंगवता येतो का?

खारीबटर
निळ्यात तपकिरी मिसळा. काजळ पुसलं जातं, स्वानुभव.