यूनाम ८ दिवसांत की कांग यात्से-२ १४ दिवसांत? (इंदूरहून, पहिलंच सहा हजारी)

रामबागकर

ऑगस्टमध्ये गाईडेड मोहिमेतून ६००० मीटरच्या वरचं पहिलं शिखर करायचं आहे. दोघं जाणार: मी ३८, नवरा ४१. आधी ४२०० मीटरपर्यंतचे दोन ट्रेक झालेत, क्रॅम्पॉन (बर्फावर पकड यावी म्हणून बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते) कधी घातलेले नाहीत.

लेहजवळचं स्टोक कांगरी शिखर २०२० पासून बंद, म्हणून दोनच पर्याय उरलेत. यूनाम (६१११ मी.), मनाली ते मनाली ८ दिवस. किंवा कांग यात्से-२ (६२५० मी.), लेह ते लेह १४ दिवस, पैसे जवळपास दुप्पट. आयोजक म्हणतो यूनाम 'नॉन-टेक्निकल' आहे, नवख्यांना चालतं. रजेच्या हिशोबाने ८ दिवस सोयीचे पडतात. कोणतं घ्यावं? आयोजकाला काय विचारावं? बूट वगैरे विकत की भाड्याने? आणि राळामंडल सोडून चढ नसलेल्या इंदुरात सराव करायचा तरी कुठे?

चंबळउगम

८ दिवस तुमच्या ऑफिसला सोयीचे आहेत, फुप्फुसांना नाहीत.

पत्रकातला शिखराचा फोटो बाजूला ठेवा आणि कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार, एवढंच एका कागदावर उतरवा. नियम सोपा आहे: ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा कितीही वर जाऊन या, हिशोब झोपेचा.

आता ८ दिवसांच्या यूनामचा कागद बघा. मनाली २०५०, जिस्पा सुमारे ३२००, दुसऱ्या दिवशी गाडीत बसून बारालाचा ला (खिंड) ओलांडायचा आणि भरतपूरला मुक्काम, सुमारे ४७००. एका दिवसात १५०० मीटरची उडी, तीही बसल्या बसल्या! लोक डोंगरात हरत नाहीत, भरतपूरच्या तंबूत हरतात. डोकेदुखी, उलट्या, जेवण जात नाही, आणि दोन दिवसांनी त्याच अवस्थेत शिखराला निघायचं. 'नॉन-टेक्निकल'चा अर्थ दोर लागत नाही एवढाच. हवा दोन्हीकडे तेवढीच विरळ. ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, तुम्ही त्याच्याही वर जाताय.

कांग यात्सेचा कागद: लेह ३५०० (विमानाने गेलात तर इथे तीन रात्री, पहिला दिवस नुसता लोळून काढायचा), स्कियू ३४००, मारखा ३८००, थाचुंगत्से ४२५०, निमालिंग ४७५०, बेस कॅम्प ५१००. आकडे थोडे मागेपुढे होतील, पण पायऱ्या दिसतात ना? दुप्पट पैसे बहुतांशी या पायऱ्यांचे आहेत.

यूनामच करायचं असेल तर ११-१२ दिवसांचं मागा. जिस्पात दोन रात्री, झिंगझिंगबारला (सुमारे ४२०० मी.) दोन, भरतपूरला शिखराआधी किमान दोन. तरी जिस्पा ते झिंगझिंगबार हजार मीटरची उडी राहतेच, म्हणून तिथे एका रात्रीत भागत नाही.

सरावाचं: कांग यात्सेच्या शिखराच्या दिवशी एका दमात ११५० मीटर चढ आहे. दहा मजली इमारत म्हणजे साधारण ३० मीटर, म्हणजे ३८ फेऱ्या. राळामंडल (७८२ मी.) आणि जानापाव (८५४ मी.) रविवारी चांगले, पण आठवड्याचं खरं काम जिन्यावरच होणार. ६ किलो पाठीवर घेऊन ८ फेऱ्यांपासून सुरू करा, दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के वाढवा, जुलैअखेर १२ किलो घेऊन २५ फेऱ्या व्हायला हव्यात. वेग असा की बोलता आलं पाहिजे. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्या आणि वर पोचल्यावर निम्मं पाणी ओता, गुडघे वाचतात. लिफ्टने मात्र उतरू नका. मांड्या उतरतानाच दगा देतात आणि शिखरावरून उतरायला लिफ्ट नाही.

इंदूर ५५० मीटरवर आहे. इथे दम वाढतो, पण विरळ हवेची सवय काही होत नाही. जिममध्ये पहिला येणारा तिथे पहिला आजारी पडतो, कारण तो भरभर चालतो.

गाठ_मारा

वरच्याशी सहमत, फक्त एक भर. कांग यात्सेचा वरचा उतार ४० अंशांच्या आसपास आहे आणि ऑगस्टमध्ये बर्फ बऱ्याचदा कडक असतं. क्रॅम्पॉन पहिल्यांदा शिखराच्या रात्री घालायची वस्तू नाही. बेस कॅम्पवर बर्फातल्या सरावाला पूर्ण अर्धा दिवस ठेवलाय का, हे आयोजकाला लेखी विचारा. चालणं, घसरल्यावर आईस अ‍ॅक्सने स्वतःला थांबवणं, जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) वापरणं, उतरणं. २८ दिवसांचा बेसिक कोर्स (उत्तरकाशी, दार्जिलिंग) झाला असता तर प्रश्नच नव्हता, पण रजेचं गणित बघता तुम्हाला ते सुचवत नाही.

घरी करता येण्यासारखं एक आहे. हार्नेसला (कमरेचा पट्टा) दोन छोटे दोर, टोकाला लॉकवाले कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या कड्या). बाल्कनीच्या कठड्याला दोर बांधा, मध्ये एक गाठ ठेवा (वर बांधलेल्या दोराला असे जोड लागतात), दोन्ही कॅराबिनर दोरात अडकवा आणि जाड हातमोजे घालून गाठ ओलांडा. पुढचा कॅराबिनर आधी लागला पाहिजे, मागचा नंतर निघाला पाहिजे. क्षणभरही मोकळं राहायचं नाही. पन्नास वेळा करा. पहाटे तीन वाजता, थकलेल्या डोक्याने, बॅटरीच्या उजेडात करायचं आहे.

आयोजकाला विचारायचं ते:
शिखराच्या दिवशी एका गाईडमागे किती जण? दोन उत्तम, तीन ठीक, पाच म्हणाला तर फोन ठेवा. एक जण आजारी पडला की एक गाईड त्याच्याबरोबर खाली जातो, मग बाकीच्यांचं कोण बघणार?
हवामानासाठी राखीव दिवस आहे का? नसेल तर १४ दिवसांचा जुगार एका रात्रीवर.
परत फिरायची वेळ किती? रात्री ११ला निघून तासाला १२० मीटर धरले तर साडेआठला माथा. सकाळी दहा ही शेवटची. उन्हात बर्फ भुसभुशीत होतं, क्रॅम्पॉनखाली गोळे चिकटतात, दाते जमिनीला टेकतच नाहीत, बर्फात ठोकलेल्या मेखाही सैल होतात.
ऑक्सिजन सिलिंडर बेस कॅम्पवर असतो की लेहच्या ऑफिसात?
इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनच्या परवान्यावर तुमची नावं आहेत का? प्रत मागा.

बूट: साधे ट्रेकिंगचे चालणार नाहीत, डबल बूट (आत वेगळा उबदार बूट असलेले) हवेत. विकत घेऊ नका, एका शिखरासाठी परवडत नाही. लेहमध्ये भाड्याने मिळतात, पण जे मोजे घालणार तेच घालून बघा. टाच उचलता कामा नये, आणि उतारावर उभं राहून बोटं पुढे टेकतात का तेही बघा. टेकली तर एक नंबर मोठा. क्रॅम्पॉन त्याच बुटाला दुकानातच बसवून घ्या, खाली बर्फ न चिकटण्यासाठीची रबरी पट्टी आहे ना ते पाहा. विकत घ्या ते हातमोजे (तीन थर), कॅटेगरी ४ चा (सर्वात गडद काचेचा) गॉगल, हेडलॅम्प. हेडलॅम्पच्या सेलचा जादा जोड रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. पाण्याची नळीवाली पिशवी शिखराला नेऊ नका, नळी गोठते. थर्मास आणि रुंद तोंडाची बाटली, उलटी ठेवायची. बर्फ वरून धरतं, तोंड मोकळं राहतं.

रक्तदाब

निघण्याआधी रक्तदाब, हिमोग्लोबिन, ईसीजी. नवऱ्याचं वय बघता ट्रेडमिल टेस्टही. आणि एक तपासणी फारसं कोणी सांगत नाही: सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार). आपल्या मध्य प्रदेशात आणि विदर्भात वाहक बरेच आहेत. वाहकाला इंदुरात काही त्रास नसतो, पण उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली जोरात दुखू लागलं तर ती पित्ताची कळ समजू नका.

डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी): सर्वसाधारण मात्रा १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, वर चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून. डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. एकदा इंदुरात घेऊन बघा: बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो. ही गोळी उंचीच्या त्रासाची लक्षणं झाकत नाही, सवय लवकर लावते. डेक्सामेथासोन वेगळं. ते लक्षणं दाबतं, ते घेऊन वर चढायचं नाही, खाली उतरायला वापरायचं.

बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा बघून घाबरू नका. गार बोटावर तो काहीही दाखवतो आणि ५००० मीटरवर ८०च्या आसपास पुष्कळांचा असतो. बघायचं असं: टाचेला पंजा लावत दहा पावलं सरळ चालता येतंय का? तोल गेला तर मेंदूला सूज. बसल्या जागी धाप, खोकला थांबत नाही, तर फुप्फुसात पाणी. दोन्हीत उत्तर एकच, त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी. सकाळची वाट बघायची नाही.

रामबागकर

मोठं काम झालं. १४ दिवसांचंच घेतोय, रजेचा अर्ज लिहायला बसले. दोन राहिलं: विमा, आणि घरच्यांशी संपर्क? सॅटेलाइट फोन मागवू का? आणि शेव न्यायची का, घरून आग्रह आहे.

चंबळउगम

सॅटेलाइट फोन अजिबात नाही. परवानगीशिवाय बाळगणं भारतात गुन्हा आहे, विमानतळावरच अडकाल. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या. स्कियूच्या पुढे नेटवर्क धरू नका, घरच्यांना तारखा लिहून द्या आणि वर दोन दिवस जास्तीचे सांगा.

विम्यात दोन ओळी शोधा: उंचीची मर्यादा, आणि दोर-क्रॅम्पॉन वापरलेली चढाई वगळली आहे का. बऱ्याच पॉलिसी इथेच गळतात.

शेव न्या, पण पाव किलोच. वर भूक मरते तेव्हा घरची चव घशाखाली उतरते, पण कोरडी शेव घशाला लागते आणि पाणी जास्त मागते. शिखराच्या रात्री खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू, आतल्या खिशात. चिक्की नको, थंडीत इतकी कडक होते की दात जायचा.

गाठ_मारा

आणि पायाची नखं निघण्याच्या तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या दिवशी नाही.