मदत हवी आहे: कचरा वेगळा करायला शेजाऱ्यांना कसं पटवायचं?

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या सोसायटीत ओला-सुका वेगळा द्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही उष्ट्या भातात दुधाच्या पिशव्या आणि उघडे डायपर सापडतात. कचरा न्यायला येणाऱ्या ताई ते सगळं हाताने निवडतात, बघवत नाही हो! कुणाला सांगायला गेलं की ठरलेलं उत्तर: "पुढे गाडीत एकत्रच होतं ना?"

२०१६ च्या केंद्रीय नियमांतच ओला, सुका, घातक असे तीन भाग आणि पॅड-डायपर गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. कागदावर लाल ठिपका काढला तर ताईंना ते उघडावं लागत नाही, इतकं सोपं आहे.

तुमच्याकडे ही सवय कशी लागली? दंडाने, की घरोघरी जाऊन? भाडेकरू सतत बदलतात, त्यांना कोण सांगतं? मराठी-हिंदी पत्रक असेल तर कृपया इथे टाका.