देवळांचा पैसा दवाखान्यांना द्या म्हणणाऱ्यांना

रानवाट
काल इथे लेख आला: देवस्थानांनी समाजाला काही दिलं नाही, सरकारने त्यांच्या तिजोऱ्या ताब्यात घेऊन शाळा-दवाखाने काढावेत. खाली उत्तर लिहायला बसलो, ते इतकं वाढलं की वेगळा धागा काढतोय.

सरकारने ताब्यात घ्यायचं बाकी काय ठेवलंय? पंढरपूरला १९७३ चा कायदा, सिद्धिविनायकाला १९८० चा, शिर्डीला २००४ चा. तिथे विश्वस्त कोण हे सरकारच ठरवतं. बाकीच्या देवस्थानांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे, म्हणजे ट्रस्टांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जातात. दवाखान्यांचं म्हणाल तर शिर्डी संस्थान स्वतःचं रुग्णालय चालवतं, शेगाव संस्थानाचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून आहे.

शेगावला जाऊन बघा एकदा. चांगल्या घरची शिकलेली माणसं पाळीने सेवेला येतात आणि हात जोडून चपला उचलून ठेवतात. 'माउली, पुढे चला' यापलीकडे आवाज चढत नाही. हे सरकारी खात्याला जमेल? माणूस ज्या श्रद्धेने पेटीत पैसे टाकतो, त्या श्रद्धेने कर भरत नाही.

कोरडवाहू
असहमत. देवस्थानांवर बोट ठेवलं की प्रत्येक जण शेगाव पुढे करतो. त्याच्या आड बाकीचे किती झाकणार? पंढरपुरात बडवे-उत्पातांचा, म्हणजे वंशपरंपरेने आलेल्या पुजाऱ्यांचा कारभार वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला. कायदा झाला १९७३ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०१४ उजाडलं. नाशिकला काळाराम मंदिरापुढे १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. विठ्ठलाचं दार उघडायला १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका २०१६ मध्ये चढल्या, तेही हायकोर्टात जाऊन. आपणहून सुधारणा करणारं एक नाव सांगा.

रानवाट
गाडगेबाबा.

कोरडवाहू
गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, देऊळ नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

रानवाट
आणि धर्मशाळांना पैसा कुठून आला? कीर्तन ऐकायला जमलेल्या भाविकांकडूनच ना? श्रद्धा वजा केलीत तर गाडगेबाबा उरत नाहीत.

पाणपोई
अवांतर होईल, पण धर्मादाय आयुक्तांचं नाव निघालं म्हणून लिहिते. देवळांचा पैसा दवाखान्यांना द्यायच्या आधी, जे दवाखाने धर्मादाय म्हणून नोंदलेले आहेत त्यांच्याकडे बघा. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या असतात. माझ्या सासऱ्यांना अशाच एका रुग्णालयात नेलं. पिवळं रेशनकार्ड हातात धरून मी काउंटरवर उभी, आणि पहिला प्रश्न, 'डिपॉझिट किती भरताय?' योजनेचा फलक होता, पण उघड्या दाराच्या पाठीमागे. दार लोटल्याशिवाय दिसत नव्हता. खाट नाही म्हणाले. दिरांनी पैसे भरल्यावर तासाभरात मिळाली.

दुसरीपाळी
मी अशाच एका रुग्णालयात बिलिंगला आहे, म्हणून राहवत नाही. निर्धन रुग्ण निधीत एकूण बिलांच्या २ टक्केच रक्कम जमा होते. एक रुग्ण महिनाभर आयसीयूत राहिला की फंड आटतो. पुढच्याला नाही म्हणायची वेळ येते आणि शिव्या आम्ही खातो. शिवाय गाडीतून उतरून उत्पन्नाचा दाखला पुढे करणारे आम्ही रोज बघतो.

पाणपोई
माझे सासरे हमाली करायचे. गाडीची गोष्ट मला सांगू नका.

दुसरीपाळी
तुम्हाला उद्देशून नव्हतं.

पाणपोई
मग माझ्या प्रतिसादाखाली का लिहिलंत? फंड आटला असेल तर तसं लेखी द्या. पैसे भरल्यावर खाट कुठून उगवली, याचं उत्तर द्या.

कोरडवाहू
ट्रस्टचं नाव लावून जमिनी घ्यायच्या, करसवलती घ्यायच्या आणि गरीब दारात आला की खाट नाही. देवस्थान असो की दवाखाना, रोग एकच आहे.

रानवाट
खाजगी ट्रस्टच्या रुग्णालयाचं पाप देवळाच्या माथी कशाला मारता? धागा देवस्थानांवर आहे.

कोरडवाहू
देवस्थानांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, हे तुम्हीच वर लिहिलंय; धर्मादाय रुग्णालयांचेही तिथेच जातात. शेगाव चांगलं चाललंय, जा, मान्य केलं. पण ते तिथल्या माणसांमुळे, कायद्यामुळे नाही. ती माणसं गेल्यावर काय? वर्षाचा जमाखर्च प्रत्येक देवळाने दारातच लावावा. एवढं तरी कबूल करा.

रानवाट
लावू दे. त्याला माझी ना नाही. तिजोरी मात्र मंत्रालयात जाता कामा नये.

पाणपोई
तुमचं चालू द्या. मला कोणी सांगेल का, आता तक्रार केली तर उपयोग होतो का?

दुसरीपाळी
होतो. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी अर्ज द्या. बिलं, डिपॉझिटची पावती आणि रेशनकार्डाची झेरॉक्स जोडा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, नाहीतर अर्ज मिळालाच नाही म्हणतील. आणि दाखल केल्याची वेळ पावतीवर असते, ती आधी बघा. खाट नाही म्हटल्यावर तासाभरात दाखल केलं, हे त्यावरूनच सिद्ध होईल.