गाओकाओ बंद करा म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे

कोकणकडा:
जून आला की चीनच्या गाओकाओचे, म्हणजे बारावीनंतरच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेचे, व्हिडिओ फिरू लागतात आणि "पोरांचे किती हाल" म्हणत ही परीक्षाच मोडीत काढा, असं आपल्याकडचेही लोक लिहितात. मला हे मुळीच पटत नाही. हाल आहेतच. 7 आणि 8 जूनला, काही प्रांतांत आणखी एक-दोन दिवस, एकूण 750 गुणांचे पेपर. चिनी, गणित, इंग्रजी प्रत्येकी 150. 2024 मध्ये 1 कोटी 34 लाखांवर मुलांनी नाव नोंदवलं.

पण ही परीक्षा नव्हती तेव्हा काय होतं? 1966 ला सांस्कृतिक क्रांतीत ती बंद पडली. पुढे विद्यापीठं सुरू झाली तेव्हा प्रवेश शिफारशीवर. कम्यूनने, कारखान्याने किंवा सैन्याच्या तुकडीने नाव सुचवायचं. वर ओळख असेल त्याचं नाव आधी, हे सांगायला नको. 1977 च्या डिसेंबरात परीक्षा परत आली तेव्हा सुमारे 57 लाख बसले आणि 2 लाख 70 हजारांच्या आसपास घेतले गेले. पुढे पंतप्रधान झालेले ली खछ्यांग त्याच तुकडीतले. आन्ह्वे प्रांतातल्या खेड्यातून थेट पेकिंग विद्यापीठात. वशिला नसलेल्याला चीनमध्ये एवढं एकच दार आहे, ते बंद करू नका.

पारिजात:
असहमत. दार आहे, पण सगळ्यांना सारखं उघडत नाही. हनान प्रांतात 2024 ला 13 लाखांवर मुलं बसली, बीजिंग शहरात लाखाच्या आत. देशातल्या निवडक 39 विद्यापीठांची जी '985' यादी आहे, त्यातली आठ एकट्या बीजिंगमध्ये. हनानमध्ये एकही नाही! आणि विद्यापीठ प्रत्येक प्रांताला किती जागा द्यायच्या ते आधीच ठरवतं, स्वतःच्या शहराला झुकतं माप देऊन. हनानच्या पोराने बीजिंगच्या पोरापेक्षा कितीतरी जास्त झगडायचं आणि त्याला गुणवत्ता म्हणायचं?

ढगफुटी:
पारिजातशी सहमत, त्यात हुकोउ जोडा. हुकोउ म्हणजे कुटुंबाची रहिवासी नोंद. आईबाप शांघायच्या कारखान्यात, पोरगी तिथेच वाढली, तिथल्याच शाळेत शिकली, पण नोंद गावाकडची. मग गाओकाओसाठी बहुतेक वेळा गावाला परत. म्हणून कित्येक मुलं आठवी-नववीतच आईबापांना सोडून आजीकडे जातात. 2012 ला केंद्र सरकारने प्रांतांना सांगितलं की अशा मुलांसाठी सोय करा. बीजिंग-शांघायने अटी इतक्या कडक ठेवल्या की मजुराच्या घरातलं पोर त्यात बसणं कठीणच.

कोकणकडा:
दोघांचे मुद्दे खरे आहेत, पण ते जागावाटपाचे आणि हुकोउचे दोष आहेत. परीक्षेचा त्यात काय गुन्हा? उलट परीक्षेला फाटा देऊन बघितलाय त्यांनी. 2003 पासून काही नामवंत विद्यापीठांना स्वतःची चाचणी आणि मुलाखत घेऊन निवडलेल्यांना गुणांत सवलत द्यायची मुभा होती. फायदा कोणाला झाला? ज्यांच्याकडे पेटंट, स्पर्धांची पदकं आणि छापून आणलेले निबंध होते त्यांना. शहरातल्या, पैसेवाल्या घरांना. 2020 ला ती पद्धत गुंडाळावी लागली.

गाओकाओच्या उत्तरपत्रिका स्कॅन होतात, तपासणाऱ्याला नाव दिसत नाही, निबंध दोघं वेगवेगळे तपासतात आणि फरक जास्त पडला तर तिसऱ्याकडे जातो. संघटित कॉपी करणाऱ्यांना 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे 2024 च्या नीटनंतर जे झालं ते बघता मला तरी हे साधं वाटत नाही.

रानमोगरा:
तुम्ही सगळे 18 वर्षांच्या मुलांबद्दल बोलताय. गळती त्याच्या तीन वर्षं आधी झालेली असते. नववीनंतर झोंगकाओ ही प्रवेश परीक्षा असते आणि कित्येक वर्षं धोरणच असं होतं की निम्म्याच्या आसपास मुलं साध्या उच्च माध्यमिक शाळेत, बाकीची व्यवसाय शाळांत. पंधराव्या वर्षी. एका परीक्षेवर. व्यवसाय शाळेतून पुन्हा चांगल्या विद्यापीठाकडे वळणारे फार थोडे. म्हणून चीनमधल्या आईबापांची खरी धास्ती झोंगकाओची असते.

जुलै 2021 ला सरकारने मुख्य विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्या बंद केल्या. शिकवण्या थांबल्या नाहीत. त्या घराघरांत गेल्या, महागल्या आणि गरिबाच्या हातून पूर्णच सुटल्या. चाळणी तशीच ठेवून शिकवणीवर बंदी घातली की दुसरं काय होणार?

भवानीपेठ:
आन्ह्वेमधल्या माओथानचांगबद्दल वाचलं असेल. डोंगरातलं गाव, शाळा प्रचंड, त्यात गाओकाओ पुन्हा देणाऱ्यांची संख्या मोठी. आया नोकरी सोडून येतात, एका खोलीचं भाडं भरतात, दुपारी शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन उभ्या राहतात. पोरगं उभ्या उभ्या जेवतं आणि आत पळतं. माझी बहीण भाच्यासाठी लातुरात अशीच खोली घेऊन राहिली होती, त्यामुळे मला त्या आयांना नावं ठेवता येत नाहीत. पण ज्या परीक्षेसाठी घर असं दोन ठिकाणी फुटतं तिला गरिबाची परीक्षा म्हणू नका. भाडं कोण भरतं?

कोकणकडा:
भाडं भरण्याइतकी आशा त्या आईला आहे, ती परीक्षेमुळेच. मुलाखतीवर प्रवेश असते तर ती आई डबा घेऊन कुठे उभी राहिली असती?

पारिजात:
आशेवर तुम्ही दोन प्रतिसाद लिहिलेत, जागांवर एक ओळ. 2012 पासून गरीब जिल्ह्यांसाठी वेगळ्या जागा राखल्या जातात, म्हणजे वाटप बदलता येतं हे त्यांनाही ठाऊक आहे. मग पेकिंग आणि छिंगह्वा ही बीजिंगमधली विद्यापीठं केंद्राच्या पैशावर चालतात, तर त्यांच्या जागा उमेदवारांच्या संख्येच्या प्रमाणात प्रांतांना वाटा. परीक्षा ठेवा हवी तर. हे मान्य आहे का, एवढंच सांगा.

कोकणकडा:
मान्य. आणि हुकोउची अटही काढा. पेपर मात्र तोच राहू दे.