शब्दचर्चा: पार्सलवाल्याला दिला तर तो खाऊ, बक्षिसी की पोस्त?

एडिसनवाली आई:
नमस्कार मंडळी, प्रश्न छोटासाच आहे पण घरात दोन दिवस धुमसतोय. इथे न्यूजर्सीत डिसेंबरात बरेच लोक दाराबाहेर टोपली ठेवतात, त्यात चिप्सची पाकिटं, चॉकलेटं, पाण्याच्या बाटल्या, आणि वर चिठ्ठी की ॲमेझॉन, यूपीएस, फेडेक्सवाल्यांनो, हवं ते घ्या. आम्ही दिवाळीपासूनच ठेवतो (चिवड्याच्या पुड्या सगळ्यात आधी संपतात). लेकीला मराठी शाळेत 'आमच्या घरची एक पद्धत' यावर दहा ओळी लिहायच्या होत्या. तिने लिहिलं, 'आम्ही डिलिव्हरीवाल्या काकांना ट्रीट देतो'. बाईंनी ट्रीट खोडून 'बक्षिसी' केलं. मी म्हटलं खाऊ लिही, तर सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर, "खाऊ पोरांना देतात गं, पन्नाशीच्या बाप्याला कसला खाऊ?" मग म्हणायचं तरी काय? शनिवारी वही द्यायचीय.

तिरकस:
बाई चुकल्या. बक्षिसी म्हणजे रोकडा. चिवड्याची पुडी कोणी बक्षिसी म्हणून दिली तर मी परत करीन.

जुनी पेठ:
अहो एवढा छान शब्द असताना कुठे शोधताय? पोस्त! आमच्या लहानपणी दिवाळीच्या पाडव्याला पोस्टमन यायचा, "दिवाळीची पोस्त" म्हणून दारात उभा राहायचा, वडील पाच रुपये द्यायचे आणि आई कागदात करंज्या-चकल्या बांधून द्यायची. पोस्टमनला देतात म्हणून पोस्त. सरळ आहे.

राजापूरकर:
पोस्टाचा काडीचा संबंध नाही. आमच्याकडे शिमग्याला खेळे येतात, संकासूर येतो, ते पोस्त मागतात. संकासुराला टपाल खात्याने नेमलाय काय? आणि आम्ही 'तो पोस्त' म्हणतो, 'ती' नाही.

जुनी पेठ:
'तो पोस्त' वाचून दाढ ठणकली.

फारसीचा नाद:
फारसीत पोस्त म्हणजे कातडी, साल, आणि खसखशीचं बोंडसुद्धा. हिंदीत खसखशीला पोस्तदाना म्हणतात तो त्यातलाच. माझा आपला एक तर्क, पूर्वी शिपाई-हुजऱ्यांना सणाला अफूपाण्याचे म्हणून पैसे देत असतील, जसं आपण चहापाण्याला देतो. पुरावा मागू नका.

राजापूरकर:
म्हणजे पोरीने वहीत लिहायचं की आम्ही अमेरिकन ड्रायव्हरला अफूचे पैसे दिले. उत्तम.

एडिसनवाली आई:
हसतेय 😂 पण पैसे तसेही चालत नाहीत. इथल्या सरकारी टपालवाल्यांना रोख घ्यायची बंदीच आहे, वस्तू एका वेळी २० डॉलरपर्यंतची आणि एका घराकडून वर्षाला ५० च्या आत. खाजगी कंपन्यांचे नियम त्यांचे त्यांचे. म्हणून मला खाण्याच्याच वस्तूला शब्द हवाय.

शुद्धमती:
बक्षीस फारसी, इनाम अरबी, खुशाली फारसी, पोस्तही फारसीच निघाला! आपल्याकडे 'पारितोषिक' आहे ना? परितोष झाला म्हणून दिलेलं ते पारितोषिक, अर्थ तंतोतंत जुळतो. सावरकरांनी महापौर, दिनांक दिले तेव्हाही लोक हसलेच होते.

तिरकस:
दारात पारितोषिक दिलंत तर तो बिचारा पार्सल खाली ठेवून फोटोला उभा राहील. मुंबई महापालिका दिवाळीला कर्मचाऱ्यांना देते ना 'सानुग्रह अनुदान', तेच लिहा टोपलीवर. कामगार त्यालाही बोनसच म्हणतात हा भाग वेगळा.

डोंबिवली फास्ट नाही स्लो:
बोनसवरून आठवलं, आमचा डबेवाला दिवाळीला एक महिन्याचे जादा पैसे घेतो, त्यालाही बोनसच म्हणतो. पोस्त म्हणत नाही. वॉचमन, कचरेवाला, पेपरवाला तर नुसतं "साहेब, दिवाळी" म्हणतात. दिवाळी हेच नाम! "त्याला दिवाळी दिली का?" असं आमच्यात सर्रास विचारतात. पण ते सणापुरतं झालं, आषाढात भिजत आलेल्या पोराला काय देणार, दिवाळी?

वऱ्हाडी ठेचा:
राजेहो, आमच्याकडे उन्हातून कोणी बी दारात आलं तं आधी गूळपाणी. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, नुसतं थंड पाणी ढोसलं तं माणूस आडवा होते, म्हणून आधी गुळाचा खडा तोंडात टाकाचा, मंग पाणी. मागच्या उन्हाळ्यात फ्रीजवाले दोघं तीन मजले चढून आले, माय म्हणे आधी बसा, गूळपाणी घ्या, मंग फ्रीज. ते बक्षिसी नाही, खाऊ नाही, जावयाला बी तेच अन् फ्रीजवाल्याला बी तेच.

फारसीचा नाद:
वऱ्हाडी भाऊ, हे भारी सांगितलंत. बक्षीस, इनाम, पोस्त सगळे वरून खाली येणारे शब्द, देणारा ओट्यावर आणि घेणारा अंगणात. प्रसाद आणि खिरापत देवाकडून. खाऊ मोठ्यांकडून पोरांना. चिरीमिरी आणि चहापाणी तर नासलेच, आता लाचेचा वास येतो. बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्याला सहज काही द्यायचं, त्याला नाम पटकन सापडत नाही. 'तोंड गोड करणे' आहे, पण ते क्रियापद झालं.

शुद्धमती:
खाऊ पोरांचाच असेल तर खाऊगल्लीत तुम्ही काय करता दर रविवारी?

तिरकस:
आणि लाचखाऊ अधिकारी? तेही बालवाडीतले?

सॅकवाला:
मी दोन वर्षं कोल्हापुरात पार्सलं टाकलीत म्हणून बोलतो. तुम्ही नाव काय बी द्या, आम्हाला फरक पडत नाही, पण लाडू-करंजी असली तर कागदात बांधून द्या राव. हात तेलकट झाला की ओटीपी टाकायला स्क्रीन चालत नाही, पुढच्या गिऱ्हाइकाच्या खोक्यावर डाग पडला तर तो वेगळा ओरडतो. आणि बशीत देऊन "इथंच खा" म्हणू नका, अजून तीस घरं राहिलेली असतात. एका मावशींनी शेंगदाण्याची वडी दिली होती, म्हणल्या "घे, वाटेत खा". शब्दबिब्द काही नव्हता.

डोंबिवली फास्ट नाही स्लो:
वाटेत खा = शिदोरी? दशमी-चटणी नको, वडी चालेल 🙂

जुनी पेठ:
शिदोरी घरून निघणाऱ्याची, दारावर आलेल्याची नव्हे. शब्द असे ताणू नका.

नवी सून:
थोडं अवांतर होतंय पण विचारतेच. शेजारणीने वाटीभर काही दिलं की वाटी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, त्या साखरेला काय म्हणतात? आमच्या आजीकडे शब्द होता नक्की, आठवेना.

वऱ्हाडी ठेचा:
वानवळा?

जुनी पेठ:
वानवळा म्हणजे शेतातलं नवं पीक आलं की घरोघरी थोडंथोडं पाठवतात ते. साखर कुठल्या शेतात पिकते?

सॅकवाला:
ऊस आमच्याकडंच पिकतो काका 😄

नवी सून:
'पोच' असेल का? वाटी मिळाली याची पोच?

तिरकस:
पोच म्हणजे अक्कलसुद्धा. "तुला काही पोच आहे का" वाली. म्हणजे साखर न घालता वाटी परत करणारी ती पोच नसलेली. व्युत्पत्ती माझी, फुकट घ्या.

फारसीचा नाद:
वाटीचा वेगळा धागा काढा कोणीतरी, खरंच. मला त्या शब्दाचं कुतूहल आहे.

एडिसनवाली आई:
अपडेट. तुमच्या भरवशावर राहिले असते तर पोर नापास झाली असती. तिने स्वतःच लिहिलं, 'आम्ही डिलिव्हरीवाल्या काकांना चिवडा देतो'. बाईंनी बरोबरची खूण केली पण 'डिलिव्हरी'खाली लाल रेघ ओढलीय, समासात 'घरपोच' लिहिलंय. आता घरपोचवाले काका का घरपोच्ये काका?

शुद्धमती:
वितरक.

सॅकवाला:
वितरक म्हणजे डिस्ट्रिब्यूटर हो, गोडाऊनवाला शेठ. आम्ही सॅकवाले.

राजापूरकर:
ते राहू द्या. मघाशी बाबांना फोन केला होता, ते पण म्हणाले तो पोस्त.

जुनी पेठ:
बाबांना सांगा, ती पोस्त.