शुद्ध पाण्याचा आकडा फसवा

'डायपरमधली पावडर वजनाच्या काहीशे पट पाणी पिते, मग कायटोसान-नॅनोसेल्युलोजच्या स्पंजचं कौतुक कशाला?' असं एकाने विचारलंय. (कायटोसान हा कोळंबीच्या टरफलांतून काढलेला पदार्थ, नॅनोसेल्युलोज म्हणजे वनस्पतींतल्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू; दोन्ही मिसळून हा स्पंज बनतो.) अहो, तो आकडा शुद्ध पाण्याचा. डायपर फाडून चिमूटभर पावडर पेल्यात फुगवा आणि वर मीठ भुरभुरवा. घट्ट जेली बघता बघता पाणी सोडते. लघवी काय, रक्त काय, सगळं खारटच! ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ही पावडर काही दहापटींवर येते.

स्पंजमध्ये पाणी मुख्यतः छिद्रांत धरलं जातं, म्हणून मिठाचा फटका कमी. तो बनवताना कायटोसान आम्लात धनभारित, ऑक्सिडीकरण केलेलं नॅनोसेल्युलोज ऋणभारित. एकदम ओतलंत तर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. हळूहळू, जोरात ढवळतच मिसळावं लागतं. मग गोठवायचं आणि निर्वातात बर्फाची थेट वाफ करून तो उडवायचा. स्फटिकांच्या जागी छिद्रं उरतात. सावकाश गोठवलं तर मोठी.

खरी अडचण विजेच्या बिलाची. असं वाळवणं डायपरला परवडणार नाही. जखमेच्या पट्टीला मात्र चालेल, कायटोसान रक्तही थांबवतं.